हत्तीच्या मागच्या पायाजवळची फट

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी रोज दुपारी जेवण झाल्यावर वाचते आणि मनसोक्त हसते. रागावू नका... पण तुमच्यातल्या निम्म्या लोकांना पित्त असतं आणि उरलेल्यांच्या माळ्यावर उंदीर, असं माझं स्पष्ट मत होतं. शहात्तर वर्षांची आहे मी. अमावास्या बघून मुद्दाम गच्चीवर पापड वाळत घातलेत. कुणी येऊन एक तुकडा उचलला नाही. माझ्या सासूबाई लिंबू-मिरची बांधायच्या, मी ती सोडून आमटीत घालायची. अशी बाई आहे मी. तेव्हा आज मीच इथं लिहायला बसले आहे यात काय ते समजून घ्या.

आम्ही भोपाळला नेहरू नगरमध्ये राहतो. दुसरा मजला, तीन खोल्या. पूर्वेकडच्या खोलीत माझी नात इरा काम करते. तिचे आईवडील नोकरीमुळे जबलपूरला, आणि ही इथं माझ्याकडे... म्हणजे मी तिच्याकडे, असं ती म्हणते. वय सव्वीस.

इरा फ्रीलान्स डिझायनर आहे. हे काय प्रकरण आहे ते कळायला मला दोन वर्षं लागली. सोमवारी लोणच्याचं लेबल, मंगळवारी मोबाइलची स्क्रीन, बुधवारी कुणाच्या तरी कुकरची मूठ.

"अगं, एक काय ते धर ना," मी म्हणायची.

"आजी यार, एकच तर आहे. माणूस कुठे अडतो ते बघायचं आणि ती जागा सरळ करायची. लेबल असो की मूठ."

तिच्या वेबसाइटवर तिचं चिन्ह आहे, एक हत्ती. नुसत्या रेघेचा, पाठमोरा, मान जरा वळवून बघणारा. तो हत्ती पन्नास वर्षांपूर्वी भोपाळच्या एका हिंगाच्या डबीवर होता. आणि हत्तीखाली इरानं लिहिलं होतं: 'डिझाइन मला आजीकडून मिळालं. त्या काळात तिनं घरी बसून भोपाळमधल्या कितीतरी दुकानांची लेबलं काढली. पुढे मुलांसाठी तिनं कला सोडली.'

वाचून लोक हळहळायचे. मीही त्यांच्याबरोबर थोडी हळहळून घ्यायची. सवय झाली होती.

आता काय झालं ते क्रमानं सांगते.

गेल्या होळीच्या सुमाराला इराकडे मुरंब्याचं लेबल आलं. बिट्टन मार्केटजवळच्या सक्सेना भाभी घरी आवळ्याचा मुरंबा करतात, त्यांचं. इरानं एका रेघेत आवळ्याची फांदी काढली, सुंदर. लेबलं छापून आली आणि भाभींचा फोन. स्पीकरवर होता, मी मटार सोलत होते.

"बेटा, ये आँवले के नीचे से लाइन खुली है। सारा मुरब्बा टपक जाएगा!"

इरा हसली. फाइल उघडून बघितली. रेघ बंद. छापलेल्या कागदावर मात्र खालच्या डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी फट. तिनं प्रेसला दुसऱ्यांदा फाइल पाठवली. पुन्हा फट, तिथंच. प्रेस बदलली. पुन्हा फट.

मी म्हटलं, "तुझा तो कॉम्प्युटर म्हातारा झालाय माझ्यासारखा."

नंतर एका लॅबचं काम आलं. घरी येऊन रक्त घेऊन जातात ना, त्यांच्या मोबाइल ॲपचं. टेस्ट झाली की स्क्रीनवर एक गोल फिरत फिरत पूर्ण होतो, तो इरानं काढला होता. लॅबचे मालक रोज फोन करायला लागले.

"मैडम, आपका गोला पूरा क्यों नहीं होता? मरीज़ समझ रहा है रिपोर्ट अटकी पड़ी है। एक अंकल तो रोने लगे।"

इराच्या लॅपटॉपवर गोल पूर्ण व्हायचा. त्यांच्या सगळ्या फोनवर नाही. तिनं ते कोड लिहिणाऱ्या माणसाकडून तपासून घेतलं, नव्यानं काढलं, मित्राच्या लॅपटॉपवर काढलं. शेवटी वैतागून माझ्या फोनवर ते ॲप टाकलं आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

"बघ आजी. तुला तरी दिसतंय का बंद?"

मी चष्मा लावला. गोल फिरला, भरत आला आणि खाली डावीकडे थांबला. तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडून.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. कारण ती फट मला माहीत होती. तशा फटी मी माझ्या हातानं बुजवल्या होत्या... तीस-चाळीस तरी.

आता खरं सांगते. इथं मला कुणी ओळखत नाही, तेवढाच आधार.

पन्नास-एक्कावन्न वर्षांपूर्वी मी पंचवीसची होते, आणि अशी आगाऊ की आज समोर आली तर दोन थोबाडीत देईन. यांची नोकरी मोठ्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये. इंद्रपुरीजवळ आमचं दोन खोल्यांचं घर. नागपूरला मी एक वर्ष ड्रॉइंगच्या क्लासला गेले होते, तेवढ्यावर स्वतःला कमर्शिअल आर्टिस्ट म्हणवून घ्यायची. काळा गॉगल, काखेत पुठ्ठ्याचं फोल्डर, आणि चाल अशी की वाटावं मुंबईहून विमानानं आल्येय. प्रत्यक्षात माझा हत्ती म्हशीसारखा दिसायचा. म्हैस काढली तर सुटकेससारखी.

काढायची ती मालू. मालती, माझी धाकटी नणंद. तिला नवऱ्यानं टाकलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, बैलगाडीतून ट्रंक परत आली आणि मागून ही. कुणी आलं की तिनं आतल्या खोलीत जायचं हा आमच्या घरचा नियम. कुणी केला होता कोण जाणे, पण पाळून घ्यायची मी. त्यात ती डावरी. सासूबाईंना ते चालायचं नाही, पंक्तीत वाढू द्यायच्या नाहीत तिला.

दुपारी घर मोकळं झालं की मालू खिडकीशी बसून डाव्या हातानं टाक चालवायची. साबणाचं कव्हर, लग्नपत्रिका, अगरबत्तीचा पुडा. मी ते फोल्डरमध्ये घालून प्रेसमध्ये न्यायची. टाकलेल्या बाईनं प्रेसच्या पायऱ्या चढणं कसं दिसेल, म्हणून नाव माझं, हे आमचं दोघींचं ठरलेलं. निदान मी ठरवलं आणि ती हो म्हणाली.

तिची एकच खोड. कुठलंही चित्र असो, ती शेवटची रेघ जोडायची नाही. खाली डावीकडे इवलीशी फट ठेवायची.

"वहिनी, दार असू द्यावं," म्हणायची. "आतला जीव कोंडतो नाहीतर."

"प्रेसवाले म्हणतील बाईला रेघ जोडता येत नाही," मी म्हणायची. आणि रिक्षात बसायच्या आधी, जिन्याखाली उभी राहून, पेनानं ती फट बुजवायची. चित्रात माझं म्हणून तेवढंच असायचं. त्या टिचभर रेघेवर मी आर्टिस्ट होते!

हिंगाच्या डबीवरचा हत्ती फार चालला. एका सकाळी प्रेसवाले भाईसाहेब स्वतः घरी आले. इंदूरच्या एका मोठ्या पार्टीला तोच हात हवा होता. पगारी काम, बसायला स्वतंत्र टेबल, आणि राहायची सोय पार्टीच्या घरातल्या बायकांबरोबर. फक्त चित्र समोर बसून काढून दाखवायचं.

तेवढ्यात मालू पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. नियम मोडून, पदर नीट करून. तिनं सगळं ऐकलं होतं. डाव्या हाताची तीन बोटं काळ्या शाईनं माखलेली, आणि ट्रे तिनं मुद्दाम त्याच हातानं पुढे केला.

भाईसाहेबांनी बोटांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "भाभीजी... हाथ आपका ही है ना?"

मालू माझ्याकडे बघत होती. एक वाक्य हवं होतं. 'नाही, हिचा.' एवढंच. त्या घरातून ती बाहेर पडली असती.

मी हसले. चांगली मोठ्यानं हसले. "अरे, ये? ये मेरी ननद है। दवात धो रही थी।"

ट्रे खाली ठेवून मालू आत गेली. त्या दिवसानंतर तिनं टाक हातात घेतला नाही. मीही इंदूरला जाणार कुठल्या तोंडानं? मुलं लहान आहेत म्हणून नाही म्हटलं. 'मुलांसाठी कला सोडली' ती ही. पुढच्या वर्षी मालूला नागपूरला मामांकडे पाठवलं. तिथं ती चार घरी स्वयंपाक करायची. पन्नाशी बघितली नाही तिनं. मी दिवसांना गेले होते, वांग्याची भाजी बरी झाली नव्हती एवढं आठवतं. बघा कशी बाई आहे मी.

हे सगळं इराला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. इरानं मालूचा फोटोसुद्धा बघितलेला नाही. आणि तिनं हत्ती घेतला तो छापील डबीवरून, ज्यात फट बुजलेली होती. मग ही तांदळाएवढी जागा, त्याच कोपऱ्यात, तिच्या चित्रांमध्ये येत होती कुठून?

मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

इराची मात्र झोप उडाली. लॅबवाल्यांनी काम काढून घेतलं. सक्सेना भाभी दुसरीकडे गेल्या. तिचे बाबा फोनवर म्हणायला लागले, पुरे झालं हे, गुडगावला नोकरी बघ. हातात एकच मोठं काम उरलं होतं, एका कंपनीसाठी म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची डबी. तेही गेलं की ती सामान बांधणार होती. स्वतःच्या नावानं काम करायची तिची एवढी हौस... त्याच नावावर लोक आता 'लापरवाह' असा शिक्का मारत होते.

डबी तिनं माझ्यावरूनच बेतली होती. आदल्या वर्षी बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात कोबीच्या पानावर पाय पडून मी आपटले, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं पण बोटं नीट मिटत नाहीत. तेव्हापासून सगळं डाव्या हातानं. मालूवर सासूबाई का चिडायच्या ते मी डाव्या हातानं पोळी तोडताना रोज आठवते.

गोळ्यांच्या डबीचा नमुना मशीनवर छापून आला. पांढरा, गोल, साबुदाण्याच्या वड्याएवढा. इरानं खोकं उघडलं आणि नमुना उजेडात धरला. झाकणाच्या कडेला खाली डावीकडे फट.

"फाइलमध्ये नाहीये आजी! शपथ! काठ पूर्ण आहे!" ती रडायला लागली. दुसरा नमुना मागवला. फट. मशीनवाला म्हणाला, दीदी, मैंने खुद देखा, बनते समय बंद थी.

तिसरा करायला वेळच नव्हता. सकाळी अकरा वाजता कंपनीच्या बाई व्हिडिओवर आल्या. इरानं कॅमेऱ्यासमोर मला बसवलं, फटीचा भाग मुद्दाम माझ्याकडे वळवला आणि कानात म्हणाली, "तू फक्त उघडायचा प्रयत्न कर. मी बोलत राहते."

मी डबी डाव्या हातात घेतली. गुळगुळीत झाकण, त्याला कुठंच पकड नाही. आणि अंगठा आपसूक त्या फटीत गेला. टक्. उघडली. मला, जिला बामची बाटली उघडायला शेजारच्यांना हाक मारावी लागते!

कंपनीच्या बाई पुढे झुकल्या. "फिर से करिए, दादीजी।"

डबी कॅमेऱ्यासमोर धरून बंद केली, उघडली. टक्.

"ये जो किनारे पर कट है... कमाल है। हमारे पहले वाले तीनों सैंपल यहीं फेल हुए थे। किसका आइडिया है?"

इरा गोंधळली. तिनं माझ्याकडे बघितलं, तिचा चेहरा एकदम उजळला, आणि ती म्हणाली, "दादी का।"

"वाह! दादीजी, सच में आपका?"

मंडळी, शहात्तर वर्षं. एवढे उपास-तापास, एवढी पारायणं, नवरा गेला, अर्धे दात गेले. आणि मी काय केलं? हसले. मान डोलावली.

मघापासून मी त्या पंचवीस वर्षांच्या गॉगलवाल्या पोरीला नावं ठेवत होते ना? ती कुठं गेलीच नव्हती. माझ्याच खुर्चीत बसली होती.

कॉल संपल्यावर इरा गॅलरीत नाचत बाबांना फोन करत होती. मी आतल्या खोलीत गेले आणि कपाटावरची ट्रंक ओढली. तळाशी हत्तीचं मूळ चित्र होतं. प्रेसवाल्यांनी परत दिलेलं, मालूच्या हातचं, वर माझी बुजवलेली फट असलेलं. का काढावंसं वाटलं, माहीत नाही.

हत्ती काळाभोर होता, काल काढल्यासारखा. फक्त मागच्या पायाजवळ, खाली डावीकडे, तांदळाएवढी जागा कोरी होती.

माझी शाई हलकी असेल, उडून गेली असेल... मीही तेच म्हणाले स्वतःला. पण उडालेल्या शाईचा पिवळट डाग राहतो. इथं कागद इतका स्वच्छ होता, जणू तिथं कधी कुणी पेन टेकवलंच नव्हतं.

त्याच दुपारी इराला बसवून सगळं सांगितलं. दौत धुण्यापर्यंत सगळं. मला वाटलं चिडेल, नाहीतर मला जवळ घेईल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. लॅपटॉप उघडला आणि परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "पूर्ण नाव काय त्यांचं?"

आमचं आडनाव लावायची तिला परवानगी नव्हती, दिल्या घरचं ते तुझं नाव, असं सासूबाई म्हणायच्या. आणि दिल्या घरानं तर टाकलेलं. तिकडचं आडनाव मला आठवेचना. पाच वर्षं एका छताखाली राहिलो.

"मालती," मी म्हटलं. "नुसतं मालती लिही."

इरानं हत्तीखालचा सगळा मजकूर पुसला आणि 'मालती' लिहिलं. हत्तीची रेघ स्वतःच्या हातानं उघडली. मग कंपनीच्या बाईंना फोन करून सांगितलं की ती कल्पना दादीची नाही, दादीच्या नणंदेची. बाई म्हणाल्या, ठीक है, जिनकी भी है. डबी मंजूर झाली. इरा गुडगावला गेली नाही.

त्या दिवसापासून फटी बंद. लॅबचा गोल त्यांच्या फोनवर आपोआप पूर्ण व्हायला लागला म्हणे, कुणी काही दुरुस्त न करता. इराची सगळी कामं धड छापून येतात. ती माझ्याशी बोलते, औषधं देते, पण 'आजी यार' म्हणत नाही. मी भिंग घेऊन तिच्या प्रत्येक कागदाचा डावा कोपरा बघते. सगळं बंद.

शेवटचं एक सांगायचं राहिलं, ते इरालाही नीट सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी पन्नास वर्षांनी चित्र काढलं. डाव्या हातानं, इराच्या पेन्सिलीनं, एका पाठकोऱ्या कागदावर. हत्ती. अजूनही म्हशीसारखाच दिसतो. पण मागच्या पायाजवळ मी तांदळाएवढी जागा सोडली. मालूसाठी. माफी मागायला दुसरी कुठली भाषा मला येत नव्हती. कागद खिडकीशी ठेवला, वर गोळ्यांची डबी ठेवली आणि आंघोळीला गेले.

परत आले तर फट बुजलेली होती.

पेन्सिलीनं नाही. काळ्या शाईनं, टाकाच्या एका ठाम फटकाऱ्यात, जसं मी जिन्याखाली उभी राहून पेनानं करायची तसं. शाई ओली होती. डाव्या हाताचं बोट लावलं तर लागली, मालूच्या बोटांना असायची तशी.

इरा तेव्हा घरात नव्हती, दाराला आतून कडी होती. आमच्या घरात टाक नाही, दौत नाही, कित्येक वर्षांत शाईची बाटली आलेली नाही. कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा, मी वाचीन. उंदीर म्हणालात तरी चालेल. बोटावरचा डाग मात्र आज आठवा दिवस, साबणानं जात नाहीये.